मेजरांचा सिंफनी सप्ताह

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी मेजरांचा विषय काढला की मी त्यांच्या गमती सांगायचो, लोक हसायचे आणि मूळ गोष्ट राहून जायची. खरं तर ती राहून जावी म्हणूनच मी गमती सांगायचो. आता त्या सप्ताहात वाजवणाऱ्यांपैकी अर्धेअधिक गेले. मीही फार दिवसांचा नाही. मी गेलो की नगरात जे खोटं रूढ झालंय तेच खरं म्हणून राहील. म्हणून बसलोय लिहायला.

नगरात चालती वरात थांबवायची हिंमत दोघांचीच. एक पोलिसांची, दुसरी मेजरांची. पोलीस निदान कारण सांगायचे. मेजर सायकल स्टँडवर लावायचे, सरळ बँडच्या मधोमध शिरायचे आणि क्लॅरिनेटवाल्याचा हात धरायचे. "खाली बोलतंय तुझं. आत ढकल जरा." घोड्यावर नवरदेव ताटकळलेला, मागे मामालोक फेटे सावरताहेत, पुढे नाचणारी पोरं एक पाय उचलून तशीच उभी. क्लॅरिनेटचा सांधा आत सरकायचा. "आता वाजव." सूर जुळला की मेजर चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, परत लावायचे आणि सायकलवर टांग मारून निघून जायचे. चष्मा काढणं ही त्यांची दाद. त्यांना टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलं नाही.

त्यांनी पहिल्यांदा माझीच वरात थांबवली. म्हणजे बँड माझा होता, लग्न भलत्याचं. मी ड्रमवर होतो. चिडून म्हणालो, "ओ मेजर, लग्न कुनाचं हाय? तुमचं का?"

"माझं असतं तर तुला सुपारी दिली नसती," ते म्हणाले.

सगळी वरात हसली. दुसऱ्या दिवशी हा माणूस माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि पुढची बावीस-तेवीस वर्षं जवळजवळ रोज बसत राहिला.

फौजेतून घरी आलेल्या प्रत्येकालाच आपल्याकडे मेजर म्हणतात. हे निवृत्त झाले ते पलटणीच्या बँडमधले हवालदार म्हणून. मूळ गाव खर्डा. तिथं कोरडवाहू जमीन, भाऊ, मुलगा, सून. पण मेजर नगरातच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले, कारण नगरात बँडची दुकानं होती. कुणी विचारलं, गावाकडं का नाही जात, तर म्हणायचे, "गावात बाजरी हाय. वाजवनारी मान्सं इथं हायेत."

त्यांच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एका टकल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या परदेशी माणसाचा फोटो होता. मला वाटलं पलटणीतला कुणी इंग्रज साहेब असेल. "हा आपला फिनलंडवाला," मेजर म्हणाले, जणू हा पलीकडच्या गल्लीत राहतो. फौजेच्या संगीतशाळेत शिकत असताना एका शिक्षकानं त्यांना या संगीतकाराची पाचवी सिंफनी रेकॉर्डवर ऐकवली होती. तिच्या शेवटी सगळा वाद्यवृंद मिळून सहा ठोके देतो आणि प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये काहीच नसतं. नुसती मोकळी जागा. पहिल्या ठोक्यानंतर सगळं गप्प झालं तेव्हा कोवळ्या मेजरांना वाटलं, रेकॉर्ड संपली. ते उठून सुई उचलायला गेले. शिक्षकानं हातावर चापट मारली आणि तेवढ्यात दुसरा ठोका पडला. "बापू," ते मला सांगायचे, "चापट इसरलो. पन त्या दोन ठोक्यांच्या मधी जे हुतं ना, ते अजून कानात हाय. ते मला एकदा जित्या मान्सांकडून ऐकायचंय."

त्या संगीतकाराच्या सिंफन्या सात. सातही नगरच्या बँडवाल्यांकडून वाजवून घ्यायच्या, हे त्यांनी कधी ठरवलं ते त्यांनाच ठाऊक. एके दिवशी दुकानात येऊन त्यांनी नुसतं जाहीर केलं. आम्ही हसलो. आमची पोरं कानानं वाजवणारी. रात्री मोबाईलवर गाणं ऐकलं की सकाळी वरातीत हजर. नोटेशन कुणाला वाचता येतंय? मेजर म्हणाले, "चातुर्मासात काय करता तुमी? पत्तेच खेळता ना? मग."

हे मात्र खरं होतं. आषाढात मुहूर्त संपले की तुळशीच्या लग्नापर्यंत बँडवाला रिकामा. कुणी रंगकामाला जातं, कुणी हमाली करतं, उरलेले दुकानात पत्ते कुटतात. मेजरांनी आमचे चातुर्मास घेतले. एक नाही, ओळीनं पाच. जिथं व्हायोलिन हवीत तिथं क्लॅरिनेट बसवली, जिथं शिंगं हवीत तिथं जाड आवाजाचं पितळी युफोनियम. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या रूथबाई आणि त्यांच्या चार विद्यार्थिनी आल्या. फौजेतले तीन-चार जुने म्हातारे आले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मेजरांनी सरगम करून तोंडपाठ करायला लावलं. रूथबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मेजर, ही माणसं चाळीस मिनिटांचं संगीत पाठ कसं करणार?" मेजर म्हणाले, "बाई, ह्यांना चार तासांची वरात पाठ हाय."

मोठे तांब्याचे ड्रम आमच्याकडे नव्हते. मेजरांनी ओळखीच्या तीन देवळांतून तीन नगारे मागून आणले आणि मला दिले. नगाऱ्याचं कातडं ओल धरतं. पावसाळ्यात तर सूर भसाभस खाली उतरतो. म्हणून मी मागे एक शेगडी पेटवून ठेवायचो. तालमीत मध्येच मेजर माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "डावा उतरला," की मी नगारा उचलून निखाऱ्यावर धरायचा, जसा आपण ताशा शेकतो तसा. रूथबाईंच्या मुली हसून बेजार व्हायच्या. पण सूर जागेवर यायचा.

आता मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वरातीत ड्रमवाला थांबत नाही. क्लॅरिनेटवाला दम घेईल, कॉर्नेटवाला थुंकी झटकेल, पुढचं गाणं कोणतं यावर नाचणाऱ्यांत भांडण लागेल. पण ड्रमवाल्याचा हात थांबला की वरात रस्त्यात बसली. म्हणून दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत आम्ही काड्यांचा बारीक गडगडाट चालू ठेवतो. त्याला आम्ही आपसांत भर म्हणतो. वडिलांनी मला गाणी नंतर शिकवली, भर आधी. मोकळी जागा दिसली की माझे हात माझे राहत नाहीत.

मेजर याच्या बरोबर उलट शिकवत होते. "वाजवायला तुमाला मी काय शिकवू? मी न वाजवायला शिकवतोय." त्यांची एक खूण होती. डावी मूठ वर गेली की कुणी श्वाससुद्धा आवाजानं घ्यायचा नाही. पाचवीच्या शेवटाची तालीम त्यांनी इतक्या वेळा घेतली, की आमच्या दुकानाशेजारचा चहावाला ती मूठ वर गेली की स्टोव्हचा पंप मारायचा थांबायचा. तालमीत मी कितीदा तरी चुकलो. मेजर कधी ओरडले नाहीत. "बापू, वरात गेली रे पुढं," एवढंच म्हणायचे.

सगळं बसत आल्यावर प्रश्न आला, कार्यक्रम करायचा कसा. रूथबाई म्हणाल्या, परदेशात अशा वेळी महोत्सव करतात. मेजरांनी तो शब्द तोंडात घोळवला आणि टाकून दिला. "महोत्सव कशाला? सात सिंफन्या हायेत, सात दिवस हायेत. सप्ताह करू." आणि खरोखरच त्यांनी सप्ताहासारखा सप्ताह मांडला. जामखेड रोडवरचं एक मंगल कार्यालय तुळशीच्या लग्नाआधी रिकामंच पडलेलं असतं. ते मालकानं दिलं. रोज सकाळी एक सिंफनी. रोज एका घरची पंगत. आणि शेवटच्या दिवशी काला. फक्त सिंफन्यांचा क्रम त्यांनी बदलला. पाचवी त्यांनी काल्यासाठी राखून ठेवली.

पंगतीबाबत त्यांची एकच अट होती. वाजवणारे पहिल्या पंगतीला बसतील. बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण लग्नात बँडवाला कधी जेवतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला कळेल. वऱ्हाड जेवतं, आचारी जेवतात, मग उरलंसुरलं मांडवामागे आम्हाला. पहिल्या दिवशी आमची माणसं पाटावर बसायला तयार होईनात. भिंतीला टेकून उभी राहिली. मेजरांनी एकेकाच्या खांद्याला धरून बसवलं. "बस. तू आज नवरदेव."

आणि त्यांना एक गोष्ट मनापासून हवी होती. ती त्यांनी मला आणि रूथबाईंनाच सांगितली होती. मुंबईत एक मोठं सभागृह आहे, जिथं असं संगीत वाजतं. तरुणपणी पलटणीच्या बँडबरोबर ते तिथं गेले होते, पण वाजवलं ते बाहेर, पायऱ्यांसमोर, उभ्यानं. "आपल्या पोरांनी जन्मभर चालत वाजवलं, बापू. त्यांना एकदा तिथं आत नेऊन खुर्चीवर बसवायचंय. बसून वाजवू द्या की एकदा." रूथबाईंच्या ओळखीनं मुंबईचे एक गृहस्थ काल्याच्या दिवशी ऐकायला येणार होते. जुने व्हायोलिनवादक, तिथल्या मंडळावर वजन असलेले. त्यांना पटलं तर पुढच्या वर्षी सातही सिंफन्या मुंबईत.

पहिल्या दिवशी ऐकायला कोण होतं? आमची बायकापोरं, कार्यालयाचा वॉचमन आणि जाहिरातीत ऑर्केस्ट्रा हा शब्द वाचून आलेली काही टारगट मंडळी. त्यांतला एक पहिली दहा मिनिटं झाल्यावर ओरडला, "गानं कवा लागनार?" मेजरांनी वाजवणं थांबवलं नाही. संपल्यावर वळून त्याला म्हणाले, "लागलं हुतं. तुजं बोलनं चालू हुतं." दुसऱ्या दिवशी तो पोरगा परत आला, आणि येताना भावकी घेऊन आला.

रोज सुरुवातीला मेजर थोडं बोलायचे, कीर्तनात निरूपण असतं तसं. ते ऐकायलाच माणसं वाढू लागली असं माझं मत आहे. "फिनलंडात लई थंडी. सहा सहा म्हयने ऊन न्हाई. आपल्याकडं, पार जामखेडापर्यंत, सहा म्हयने पानी न्हाई. तवा ह्या मान्साचं दुखनं आपल्याला नवं न्हाई. वाट बगायची. बास." चौथी सिंफनी फार उदास, त्या दिवशी निम्मे लोक मधूनच उठून गेले. आमचे चेहरे पडले. मेजर म्हणाले, "जाऊ द्या. मौतीच्या घरी पन सगळी शेवटपर्यंत बसत न्हाईत." पण दुसऱ्या दिवशी सगळे आले. शेजारच्या गावांतून टेम्पो येऊ लागले. पाथर्डीकडचा एक निवृत्त मास्तर रोज पहिल्या एसटीनं येऊन पहिल्या रांगेत बसायचा आणि प्रत्येक सिंफनीनंतर रूथबाईंना वाकून नमस्कार करायचा. सहाव्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. सतरंज्या आल्या.

काल्याच्या दिवशी रविवार होता. कार्यालय इतकं भरलं, की माणसं वधूच्या खोलीच्या दारातून ऐकत होती. मुंबईच्या पाहुण्यांना कुठं बसवायचं कळेना, तेव्हा मालकानं त्यांना सरळ नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीवर नेऊन बसवलं. शेजारची नवरीची खुर्ची रिकामी. ते बिचारे संकोचून एका कडेला बसले होते. माझी बायको सुमन पुढे सतरंजीवर होती. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझं वाजवणं तिनं समोर बसून कधी ऐकलेलं नव्हतं. रस्त्यावरून जाताना बाजूला होऊन ऐकलं तेवढंच.

पाचवी सुरू झाली आणि मला जाणवलं, आज काही वेगळं होतंय. आम्ही इतके चांगले वाजवणारे नव्हतो. युफोनियमवाल्यांनी ती मोठी, झोके घेत जाणारी चाल उचलली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. समोर बायका डोक्यावरचे पदर धरून स्तब्ध बसल्या होत्या. मेजरांचे हात फार हलत नव्हते. शेवट जवळ आला. त्यांनी डावी मूठ वर केली.

पहिला ठोका. मोकळी जागा. दुसरा ठोका. मोकळी जागा.

आणि मागून एका म्हाताऱ्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "झालं का?" दोघं-तिघं फसकन हसले. कुणीतरी टाळी वाजवली, तिच्यामागून आणखी चार. मला दिसलं, वरात बसतेय. आणि माझ्या हातांनी भर दिली.

मला ती ऐकू आली तेव्हा कळलं की ती मी देतोय. मेजरांची मूठ तशीच वर होती. डोळे माझ्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते. भरल्या ताटावरून कुणी उठवलं तर माणूस जसा बघेल तसे ते होते.

इथपर्यंत चूक. हाताची चूक, आणि ती मी कधीच कबूल केली असती. पण पुढचं हाताचं नव्हतं. तिसरा ठोका पडायच्या आत माझ्या डोक्यात स्पष्ट विचार आला: आता पुढच्या जागा मोकळ्या सोडल्या तर ही चूक म्हणून उघडी पडेल. सगळ्या भरल्या तर वाटेल, असंच बसवलंय. आणि मी त्या सगळ्या भरल्या. एकापेक्षा एक चढत्या. शेवटची तर मी अशी दिली, की नगरात तशी भर ना आधी कुणी ऐकली असेल ना नंतर.

कार्यालय उभं राहिलं. शिट्ट्या, टोप्या, टाळ्या. कुणीतरी आरोळी दिली, "वन्स मोअर!" आणि मग सगळ्यांनीच ती धरली. मेजरांनी घाम पुसला. आमच्याकडे तोंड करून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "शेवटचं पान. बापू, ठोका दे आन् काड्या काखेत."

आम्ही शेवट परत वाजवला. प्रत्येक ठोक्यानंतर मी काड्या काखेत घट्ट दाबून धरल्या. पहिल्या मोकळ्या जागेत बाहेर रस्त्यावर एसटीनं गिअर बदलल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या जागेत स्वयंपाकघरातली भांडी थांबली. तिसऱ्या जागेत काहीच नव्हतं. इतकी माणसं, आणि काहीच नव्हतं. मी आयुष्यभर जी जागा भरत आलो, तिच्यात एवढं काही असतं, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटचा ठोका पडला आणि टाळी वाजवायलासुद्धा कुणाला सुचलं नाही. मेजरांनी चष्मा काढला. पुसायला विसरले. तसाच हातात धरून उभे राहिले, आणि मग जो काही कल्लोळ झाला त्यात आमच्या कॉर्नेटवाल्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, खांद्यावरून खाली वाकून सांगतोय, "अरे युफोनियमवाल्यांना उचला, मला काय उचलता!"

तो काला नगरात अजून लोक सांगतात. बुंदी, वांग्याची भाजी, पुऱ्या, आणि पहिल्या पंगतीला आम्ही. कॉर्नेटवाल्यांना वाढायला एक माजी नगरसेवक स्वतः बादली घेऊन फिरत होते. पाथर्डीच्या मास्तरांनी सतरंजीवर बसून आम्हा प्रत्येकाची नावं विचारून घेतली.

जेवणाआधी सत्कार झाला, आणि तिथं मी खरा घसरलो. कार्यालयाच्या मालकानं माइकवर जाहीर केलं, की शेवटी नगाऱ्यावर जी कमाल झाली त्याबद्दल बापूंचा खास सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. ड्रमवाल्याला फेटा बांधलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिला नव्हता. सुमन तोंडावर पदर धरून रडत होती. मी फेटा बांधून घेतला.

मुंबईचे पाहुणे मेजरांपाशी आले. मी हाताच्या अंतरावर होतो. ते भारावलेले होते, मेजरांचा हात दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "दुसऱ्यांदा वाजवलंत ते मी जन्मात विसरणार नाही. पण मला सांगा, पहिल्या वेळी ते नगाऱ्याचं काय होतं? चूक झाली का?"

मेजरांनी माझ्याकडे पाहिलं. फेट्याकडे पाहिलं. मग सुमनकडे.

"चूक कशाची?" ते म्हणाले. "मीच सांगितलं हुतं. आधी आमच्या पद्धतीनं, मग त्याच्या पद्धतीनं."

पाहुण्यांचे हात सुटले. "मुद्दाम? चूक असती तर मी समजलो असतो, मेजर. पण त्यानं जिथं काही लिहिलं नाही तिथं तुम्ही मुद्दाम लिहिलंत? हे मी आमच्या मंडळापुढं कसं ठेवू?"

"नका ठेवू," मेजर म्हणाले. "जेवून जा पन."

मी एक पाऊल पुढे टाकायचं होतं. "साहेब, हात घसरला माझा," एवढं बोलायचं होतं. डोक्यावरचा फेटा जड झाला होता की हलका, काय झालं होतं, मला सांगता येत नाही. मी बोललो नाही. पाहुणे जेवले, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. रूथबाईंनी पत्रं लिहिली, फोन केले. मुंबई झाली नाही.

नंतर पुण्याच्या एका जाणकारानं लिहिलं, की नगरच्या बँडमास्तरानं महान रचनेचा तमाशा केला. त्याला उत्तर म्हणून नगरच्या लोकांनी लिहिलं, की मेजरांनी मुद्दाम नगरी बाणा दाखवला, असं धाडस करायला छाती लागते. दोन्हीकडून मेजर. लग्नांत लोक मला सांगू लागले, "बापू, ती फिनलंडची भर द्या ना." माझ्या सुपाऱ्या वाढल्या. मी ती भर देत राहिलो. शिव्या आणि ओव्या, दोन्ही मेजरांनी गपगुमान अंगावर घेतल्या आणि रोज माझ्या पायरीवर येऊन चहा प्यायला. एकदाही विषय काढला नाही. मी अवघडून बसलो की म्हणायचे, "काय रे, नगारा शेकायचा राह्यला का?"

तेव्हा नोंद सरळ करून ठेवतो. मेजरांनी नगरी बाणा दाखवला नाही आणि तमाशाही केला नाही. त्यांनी त्या जागा मोकळ्याच बसवल्या होत्या, आणि दुसऱ्या वेळी तुम्ही ऐकलंत तेच फक्त त्यांचं होतं. पहिल्या वेळचं सगळं माझं. त्यातली पहिली भर चुकून, बाकीच्या लबाडीनं.

पण त्या सप्ताहानं जे दिलं ते कुणाच्या लबाडीनं पुसलं जाणारं नव्हतं. आज आमच्या दुकानांतली निम्मी पोरं नोटेशन वाचतात. चातुर्मासात पत्त्यांऐवजी क्लॅरिनेट ऐकू येते. रूथबाईंची एक विद्यार्थिनी आता स्वतः वाद्यवृंद चालवते आणि दर वर्षी एक सिंफनी बसवते. लग्नात पंगतीतून उठवायला कुणी आलं तर माझा कॉर्नेटवाला शांतपणे म्हणतो, "आमी मेजरांची मान्सं हाय," आणि वाढणारा पुढे सरकतो. हा माणूस एका शहराची बसायची जागा बदलून गेला.

मेजर शेवटी खर्ड्याला मुलाकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. मी जामखेडवरून एसटी बदलून त्यांना भेटायला जायचो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो आणि बाजरीच्या गप्पा मारून परत यायचो. शेवटच्या खेपेला मात्र मी बोललो. ओट्यावर ते बाजेवर बसले होते, गावच्या किल्ल्याकडे तोंड करून, आणि सूनबाईनं नुकताच आम्हाला चहा दिला होता. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. पहिली भर, बाकीच्या भरी, फेटा, मुंबई. "मला माफ करा, मेजर," असं म्हणालो.

ते माझ्याकडे हसून बघत होते. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हनलास?"

आतून सूनबाई म्हणाली, "मोठ्यानं बोला, बापूकाका. दिवाळीपासनं त्यान्ला अजिबात ऐकू येत न्हाई."

गल्लीतले दोन-तीन शेजारी मला बघायला ओट्याशी जमले होते. मेजरांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं, की फिनलंडचा नगारेवाला आलाय, असा हात सबंध जिल्ह्यात नाही. ते कौतुकानं माझ्या हातांकडे बघत होते.

"बोल की रे," मेजर म्हणाले. "मोठ्यानं बोल."

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि घसा फाडून ओरडलो, "चहा लई चांगला झालाय, मेजर!"